२४६ रुपयांचा हिशेब

बाहेरून पैसा येतो, विद्यापीठात प्रकल्प होतो, अहवाल छापला जातो आणि कपाटात जाऊन बसतो, असं आपण नेहमी ऐकतो. पुण्यात एका प्रकल्पाचं मात्र तसं झालं नाही. कचरा वेचणाऱ्या बायका आणि महिला विद्यापीठ यांच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नात्याविषयी...

दरमहा २४६ रुपये.

आकडा तसा लहानच. पण २००१ साली पुण्यात झालेल्या एका अभ्यासातून तो बाहेर आला, आणि बघता बघता शहराच्या कारभारात जाऊन पोचला. कचरा वेचणारी एक बाई दर महिन्याला साधारण इतक्या रुपयांचं काम महापालिकेसाठी फुकटात करते, असा त्याचा अर्थ होता.

फुकटात म्हणजे कसं? तिला पालिकेचा पगार नव्हता. ती कचराकुंडीपाशी वाकून कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेचायची, पाठीवरच्या पोत्यात भरायची आणि भंगाराच्या दुकानात विकायची. तिला मिळायचे ते फक्त त्या भंगाराचे पैसे. पण तिने जेवढं उचललं, तेवढा कचरा पालिकेला उचलावा लागत नव्हता. तेवढं ओझं गाडीत भरायला नको, तेवढं डिझेल जाळायला नको, डेपोत तेवढी जागाही अडायला नको. हा वाचलेला पैसा कोणाच्या कष्टाचा? तर जिला सोसायटीचा वॉचमन हाकलून लावतो, पोलीस ‘पोत्यात काय आहे?’ म्हणून दरडावतात आणि गल्लीतली कुत्री जिच्या अंगावर धावून जातात, तिच्या कष्टाचा.

हा हिशेब मांडला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आपल्या एसएनडीटीच्या पुण्यातल्या प्राध्यापक-कार्यकर्त्यांनी. पौर्णिमा चिकरमाने, मेधा देशपांडे आणि लक्ष्मी नारायण यांनी हा अभ्यास केला. त्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं, म्हणजे ‘आयएलओ’चं पाठबळ होतं. जिनिव्हातल्या संस्थेचा पैसा, कर्वे रस्त्यावरचं विद्यापीठ आणि पुण्याच्या वस्त्यांमधल्या बायका... तिघांची गाठ पडली कशी, हे समजून घेण्यासारखं आहे.

विद्यापीठाचं तिसरं काम

विद्यापीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? वर्ग, परीक्षा, निकाल, पदवीदान. फार तर पीएच.डी. करणारी भाची किंवा शेजारची मुलगी. पण विद्यापीठाची कामं तीन मानली जातात. शिकवणं हे पहिलं, संशोधन हे दुसरं आणि समाजात जाऊन काम करणं हे तिसरं. या तिसऱ्या कामाला ‘विस्तार कार्य’ असं जरा जड नाव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये त्याला शिक्षण आणि संशोधनाच्या बरोबरीचं स्थान दिलं. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७८ ला, देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. कॉलेजातल्या मुली वस्तीत जाऊन बायकांना अक्षरओळख शिकवू लागल्या. तुमच्यापैकी कितीजणींच्या आईने किंवा आजीने अशाच एखाद्या रात्रीच्या वर्गात सही शिकली असेल!

या कामांना पैसा लागतो आणि तो विद्यापीठाच्या नेहमीच्या पगारपत्रकात नसतो. म्हणून तो बाहेरून आणावा लागतो. कधी अनुदान आयोग देतो, कधी केंद्र किंवा राज्य सरकारचं एखादं खातं, कधी देशातला न्यास, तर कधी परदेशातली संस्था. त्याची एक ठरलेली रीत असते. आधी प्रस्ताव लिहायचा: काय करणार, किती दिवसांत करणार, किती पैसे लागतील. मंजुरी आली की पैसे हप्त्याहप्त्याने येतात. मानधनाचा खर्च वेगळा, प्रवासाचा वेगळा, छपाईचा वेगळा. एका खात्याचा रुपया दुसऱ्या खात्यात घालता येत नाही. शेवटी अहवाल द्यायचा, पै-पैचा हिशेब द्यायचा आणि पैसे ज्या कामाला दिले त्याच कामाला लागले असं प्रमाणपत्र जोडायचं. भिशी किंवा बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांना हे सगळं ओळखीचंच वाटेल. फक्त कागद जास्त आणि शिक्के मोठे!

एसएनडीटीला हे बाहेरच्या पैशाचं गणित नवं नाही. हे विद्यापीठ उभंच राहिलं ते लोकांच्या देणग्यांवर. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात ते सुरू केलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती आणि तिथून ही कल्पना त्यांच्या मनात धरली. सरकारचा आधार नव्हता. कर्वे गावोगाव हिंडून निधी गोळा करत. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं. सत्तरी ओलांडलेले कर्वे १९२९ मध्ये युरोप, अमेरिका, जपानच्या प्रवासाला निघाले. तिथेही व्याख्यानं दिली आणि देणग्या जमवल्या. १९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्य ठाणं मुंबईला गेलं, तरी पुण्याचं आवार कायम राहिलं. कचरा वेचणाऱ्या बायकांची ही हकिकत त्याच आवारातल्या प्रौढ आणि निरंतर शिक्षण विभागातली.

शिकवायला गेल्या, शिकून आल्या

साल होतं १९९०. विभागाचं काम वस्त्यांमधल्या मुलांना लिहा-वाचायला शिकवायचं. पण वर्गाच्या वेळेला मुलं असायची कुठे? कचरा वेचायला गेलेली. फळा तयार, खडू तयार, शिकवणारी तयार, आणि शिकणारा पोर कचराकुंडीपाशी!

अशा वेळी काय करतो आपण? मुलं येत नाहीत, पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असं लिहून मोकळं होतो. या कार्यकर्त्या मात्र मुलांबरोबर कचरा वेचायला निघाल्या. तेव्हा त्यांना कळलं, की पोट भरायला पुरेल एवढा माल गोळा करायला तासन्‌तास लागतात. त्याचं कारणही कळलं. घराघरातून येणारा कचरा सगळा एकत्र असतो. वर्तमानपत्राला कालची आमटी लागलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत शिळा भात, काचेची बाटली फुटलेली. ओल्या कागदाला भाव नाही आणि फुटक्या काचेने हात कापतो तो वेगळाच. बाईच्या कमाईत भर पडावी म्हणून पोरंही मग पोतं घेऊन निघतात.

म्हणजे शाळेचा प्रश्न कचऱ्याच्या डब्यात अडकलेला होता. घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा झाला, तर त्याच बाईला कमी वेळात जास्त आणि स्वच्छ माल मिळेल. तिला पोराला कामावर न्यायची गरज पडणार नाही. मग पोर वर्गात येईल. साक्षरतेच्या कार्यक्रमाने असं वळण घेतलं. कार्यकर्त्या सोसायट्यांमध्ये गेल्या, गृहिणींना कचरा वेगळा ठेवायची विनंती केली. सुमारे ३० कचरावेचक बायकांना विद्यापीठाच्या विभागाने ओळखपत्रं दिली आणि त्या सरळ दारावर जाऊन वेगळा केलेला कचरा घेऊ लागल्या.

हे सुरळीत चाललं आहे असं वाटत होतं, तोवर एका खासगी व्यावसायिकाने त्याच भागात गाडी आणि माणसं लावून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. कचऱ्यात पैसा आहे हे त्यालाही कळलं होतं! बायकांच्या हातातलं काम जायची वेळ आली. त्यांनी एकत्र येऊन विरोध केला आणि त्याला माघार घ्यावी लागली. पण यातून एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. तीस बायकांची ओळखपत्रं आज टिकली, उद्या टिकतील कशावरून? हे काम एका प्रकल्पाच्या आवाक्यातलं नव्हतं. त्याला संघटना हवी होती.

कागद, काच, पत्रा

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांचं नेतृत्व तिला मिळालं. शहराच्या वेगवेगळ्या वस्त्यांतून आठशेहून अधिक कचरावेचक आले, त्यांत बहुतेक बायका. त्यातूनच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. नावातच सगळा धंदा आला आणि नावातच ‘कष्टकरी’ हा शब्द आला. या बायकांना लोक कचरेवाली म्हणत, कोणी त्याहून वाईट काही म्हणत. आपण कष्टकरी आहोत, हे त्यांनी स्वतःच ठरवलं.

या बायकांमध्ये दलित समाजातल्या बायका फार मोठ्या संख्येने होत्या. अनेक कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आलेली. गावाकडे शेतमजुरी, इथे बांधकामावर किंवा धुणंभांडी, आणि तेही नाही मिळालं की कचरा. हातगाडी घेऊन दारोदार रद्दी-भंगार विकत घेत फिरणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त, कारण त्याला थोडंफार भांडवल लागतं. कुंडीतलं वेचायला भांडवल लागत नाही, म्हणून तिथे बायका जास्त. कष्टाच्या उतरंडीत सगळ्यात खालची पायरी बाईच्या वाट्याला येते, ती इथेही आलीच.

पंचायतीने पहिल्यांदा धसास लावला तो ओळखपत्राचा प्रश्न. १९९५-९६ मध्ये पंचायतीने दिलेल्या ओळखपत्रांना पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी मान्यता दिली. देशात असं पहिल्यांदाच घडत होतं. आपल्याला वाटेल, एक पुठ्ठ्याचा तुकडा, त्याचं काय एवढं? पण कुठेही चोरी झाली की पहिला संशय जिच्यावर येतो, तिला विचारा. पहाटे पाठीवर पोतं घेऊन निघालेल्या बाईला पोलिसाने अडवलं, तर दाखवायला तिच्याकडे आता काहीतरी होतं. त्यावर तिचा फोटो होता, तिचं नाव होतं आणि महापालिकेची मान्यता होती.

१९९७ मध्ये त्यांची स्वतःची पतसंस्थाही सुरू झाली. भंगारवाल्याकडून उचल घ्यायची आणि मग तो देईल त्या भावाला माल घालायचा, ही जुनी साखळी त्यामुळे सैल व्हायला मदत झाली. पैसे साठवायला आणि अडीनडीला कर्ज घ्यायला आपल्या हक्काची जागा झाली.

आकडा कामाला लागला

आता परत त्या २००१ च्या अभ्यासाकडे येऊ. संघटना होती, ओळखपत्रं होती, मोर्चेही निघत होते. मग अभ्यास कशाला हवा होता?

कारण महापालिकेत जाऊन ‘आम्ही शहर साफ ठेवतो’ असं म्हटलं की साहेब मान डोलावतात, चहा पाजतात आणि फाइल बाजूला ठेवतात. ‘आम्ही तुमचे इतके रुपये वाचवतो’ असं लिहून दिलं, की ते वाचावं लागतं. म्हणून या अभ्यासात कचरा वेचणाऱ्यांपासून भंगाराचे दुकानदार आणि पुढे त्याच भंगारातून नवा माल बनवणारे कारखाने, अशी सगळी साखळी तपासली गेली. बाई रोज किती किलो माल वेचते, त्याला काय भाव मिळतो, तेवढाच कचरा पालिकेने उचलून नेला असता तर काय खर्च आला असता... या सगळ्याची नोंद झाली. त्यातूनच २४६ रुपये निघाले. एका बाईचे एका महिन्याचे. हजारो बायका आणि वर्षाचे बारा महिने धरा, म्हणजे रक्कम किती होते ते तुम्हीच करून पाहा.

या हिशेबाचा उपयोग लगेच झाला. आम्ही पालिकेचा खर्च वाचवतो, मग आमच्या आजारपणाची थोडी जबाबदारी पालिकेने घ्यावी, अशी मागणी पंचायतीने लावून धरली. २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणी झालेल्या कचरावेचकांसाठी वैद्यकीय विमा योजना सुरू केली आणि त्याचा हप्ता स्वतः भरला. काचेने कापलेला हात, कुत्रं चावल्यावरची इंजेक्शनं, दम्याचा त्रास, कायमची पाठदुखी... हे सारं तोवर बाईने एकटीने निभावायचं, अशीच रीत होती.

जरा आपल्या घरातलंच पाहा. बाई दिवसभर स्वयंपाक करते, पाणी भरते, म्हाताऱ्यांचं करते, शेतावर जाते. कोणी विचारलं तर घरचेच सांगतात, ‘ती काही करत नाही, घरीच असते.’ का? तर त्या कामाला पगार नाही. ज्याला पैसे मिळत नाहीत ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही ते कोणाला दिसत नाही. कचरावेचक बाईचंही तेच होतं. कोणीतरी वही घेऊन तिच्याशेजारी बसलं, तिच्या पोत्याचं वजन लिहिलं, तेव्हा ते काम दिसलं. संशोधन म्हणजे काय, याचं याहून सोपं उदाहरण मला तरी देता येणार नाही.

कुंडीपासून दारापर्यंत

केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांनी शहरांना सांगितलं, की कचरा घरोघर जाऊन गोळा करा आणि वेगळा करून घ्या. वरवर ही चांगलीच गोष्ट. पण कुंड्या गेल्या आणि त्या जागी कंत्राटदाराच्या गाड्या आल्या, तर कुंडीवर पोट असणाऱ्या बाईने काय करायचं?

पुण्यात त्याचं उत्तर असं शोधलं गेलं, की दारावर कचरा घ्यायला त्याच बायकांनी जावं. विद्यापीठाचा विभाग आणि पंचायतीने महापालिकेबरोबर आधी हा प्रयोग करून पाहिला. २००८ मध्ये कचरावेचकांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. पद्धत साधी आहे. दोघी-दोघींची जोडी ठरलेल्या घरांतून रोज ढकलगाडीवर कचरा घेते. ओला कचरा पालिकेच्या गाडीत जातो. सुक्या कचऱ्यातला विकण्यासारखा माल बायका स्वतः निवडून विकतात. घरटी महिन्याचं थोडं शुल्क त्यांना मिळतं. पगार नाही, पण काम ठरलेलं, घरं ठरलेली. हातमोजे, गणवेश, गाड्या-बादल्या पालिकेने द्यायच्या. आज या संस्थेत तीन हजारांहून जास्त सभासद आहेत.

जी बाई पूर्वी कुंडीपाशी दिसली की लोक नाकाला पदर लावत, ती आता बेल वाजवते. कुणी तिला मावशी म्हणतं, कुणी ताई. दिवाळीला फराळाची पुडी मिळते. अर्थात सगळ्याच दारात असं होत नाही. शुल्क द्यायला कुरकुर करणारी घरं आहेत. लिफ्ट वापरू न देणाऱ्या सोसायट्या आहेत. आणि सगळ्यात मोठी धाकधूक कराराची. मुदत संपत आली की प्रत्येक वेळी तोच प्रश्न: पुढे वाढ मिळणार, की मोठ्या कंपनीला काम जाणार? पहिली पाच वर्षं संपल्यावर हे झालं, २०२० च्या शेवटीही झालं. तेव्हा बायका पुन्हा रस्त्यावर आल्या, पुण्यातल्या अनेक नागरिकांनीही त्यांच्या बाजूने पत्रं लिहिली. मिळवलेलं टिकवण्यासाठी परत परत भांडावं लागतं.

लाल ठिपका

एक विषय राहिलाच, आणि तो खास आपला आहे. घरातून जाणाऱ्या कचऱ्यात वापरलेले सॅनिटरी पॅड असतात. आपण ते कशात तरी कोंबतो आणि डब्यात टाकतो. पुढे कोणीतरी दुसरी बाई तो डबा हातांनी उलगडते, याचा विचार किती जणींच्या मनात येतो? उघड्या हातांनी दुसऱ्या बाईचं पॅड वेगळं करायचं, त्याच हाताने थोड्या वेळाने भाकरी खायची. बायकांनी हे वर्षानुवर्षं मुकाट्याने केलं. बोलायचं कसं, हाच प्रश्न होता.

अखेर त्या बोलल्या. वर्तमानपत्राच्या कागदाच्या पिशव्या त्यांनी स्वतः बनवल्या, पॅड त्यात घालून द्या म्हणून घरोघरी सांगितलं. २०१३ मध्ये त्यांनी आणखी धिटाईचं काम केलं. वापरलेले पॅड पिशवीत भरून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिले. तुम्ही विकता, नफा मिळवता, मग वापरानंतरची जबाबदारी कोणाची, असा त्यामागचा सवाल. पुढे ‘लाल ठिपका’ मोहीम आली. पॅड जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळायचं आणि वर पेनाने लाल ठिपका काढायचा. डोळ्यांना दिसलं की हात लावायची गरज नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत तर पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी किंवा कागद द्यावा, असंही सांगितलं गेलं.

याला खर्च काय? वर्तमानपत्राचा एक चतकोर आणि पेनाची एक टिंब. लाज सोडून एकदा घरातल्या मुलींना सांगायचं, एवढंच.

पैसा संपल्यावर

सगळेच प्रकल्प असे फळत नाहीत, हेही सांगायला हवं. तीन वर्षांचा प्रकल्प म्हणजे तीन वर्षांच्या नेमणुका. मुदत संपली की काम करणाऱ्या मुली दुसरी नोकरी शोधतात. वस्तीतली बाई विचारते, ‘त्या ताई परत नाही आल्या हो?’ आणि तिला कोणी उत्तर देत नाही. अनुदान थांबण्याची टांगती तलवार तर मोठमोठ्या केंद्रांवरही असते. पुणे विद्यापीठात, म्हणजे आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, अनुदान आयोगाच्या मदतीने १९८७ मध्ये स्त्री अभ्यास केंद्र सुरू झालं. शर्मिला रेगे यांच्यासारख्या अभ्यासक तिथे घडल्या, जात आणि बाईपण यांचा एकत्र विचार मराठी वर्गात आला. तरीही २०१७ मध्ये देशभरातल्या अशा केंद्रांना आपलं अनुदान पुढे चालू राहील का, याची काळजी करावी लागली.

बाहेरच्या पैशाचा आणखी एक धोका असतो. पैसे देणाऱ्याला जे हवं तेच विचारलं जातं, त्याच्याच भाषेत लिहिलं जातं. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्या हातात अहवाल कधी पडतच नाही. एकाच वस्तीत चार-चार पाहण्या होतात, बायका तीच उत्तरं चार वेळा देतात आणि नळाला पाणी येत नाही ते नाहीच.

मग पुण्यात वेगळं काय झालं? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, अभ्यास करणाऱ्या आधी दहा वर्षं त्या बायकांबरोबर होत्या, नंतर अभ्यास आला. कोणाला काय विचारायचं ते त्यांना कळत होतं. दुसरी, अहवाल बायकांच्या संघटनेच्या हातात होता. त्यांनी तो घेऊन पालिकेचं दार ठोठावलं. आणि तिसरी, प्रकल्प संपल्यावर उरेल अशी काहीतरी वस्तू प्रत्येक टप्प्यावर तयार झाली. कधी ओळखपत्र, कधी पतसंस्था, कधी विमा, कधी सहकारी संस्था. आयएलओचा अभ्यास केव्हाच संपला, पण त्याच्या हिशेबावर मिळवलेली ओळख बायकांनी पुढच्या प्रत्येक करारात वापरली.

आणि आपलं गाव?

हे पुण्यातलं झालं, आमच्या तालुक्याच्या गावाचं काय, असं तुम्ही विचाराल. आता बहुतेक नगरपालिकांची घंटागाडी दारात येते, गाणं वाजवत. चांगलंच आहे. पण घंटागाडी यायच्या आधी तुमच्या गल्लीत पोतं घेऊन फिरणारी जी बाई होती, ती आता कुठे आहे? बहुतेक गावाबाहेरच्या डेपोवर, धुरात, आणखी घाण कचऱ्यात हात घालून. २०१६ च्या नियमांनी नगरपालिकांना सांगितलं, की अशा कचरावेचकांना ओळख द्या, त्यांना कामात सामावून घ्या. तुमच्या नगरसेविकेला याविषयी विचारायला काही हरकत नाही.

आणि तुमच्या गावात कॉलेज असेलच. तिथे राष्ट्रीय सेवा योजना असते, समाजकार्य किंवा गृहविज्ञान शिकवणाऱ्या मॅडम असतात. वर्षातून एकदा शिबीर होतं, रस्ता झाडला जातो, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्याऐवजी, किंवा त्याबरोबर, गावात कचरा वेचणाऱ्या किती बायका आहेत एवढी नुसती मोजणी मुलींनी केली तर? विडी वळणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या किती जणी, त्यांना काय मिळतं? यासाठी जिनिव्हाचा पैसा लागत नाही. वही-पेन लागतं आणि मॅडमची परवानगी लागते. तुमच्या बचत गटाने पुढाकार घेतला तर कॉलेज नाही म्हणणार नाही.

तुमचा आकडा २४६ नसेल, वेगळाच काही असेल. पण तो एकदा कागदावर आला, की पुढच्या वेळी नगरपालिकेत जाताना हात रिकामे राहणार नाहीत.

दारावर पाहणीवाली आली तर...

कॉलेजची, विद्यापीठाची किंवा एखाद्या संस्थेची मुलगी प्रश्नावली घेऊन आली, तर तिला घरात बसवा, पाणी द्या आणि तिला हेही विचारा:

* ही पाहणी कोणाची आहे आणि तिला पैसे कोण देतं? तसं पत्र किंवा ओळखपत्र आहे का?
* या माहितीचं पुढे काय होणार? माझं नाव छापणार का? नको असेल तर नाही म्हणता येईल का?
* एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर चालेल का? (चाललंच पाहिजे.)
* अहवाल झाल्यावर आम्हाला मराठीत कोण सांगणार, कधी, कुठे?
* आधार क्रमांक, बँकेचा नंबर, ओटीपी मागितला तर तिथेच थांबा. खऱ्या अभ्यासाला त्याची गरज नसते.
* कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नका.

आणि उत्तरं मनासारखी मिळाली, तर मात्र मोकळेपणाने बोला. ‘मी काही करत नाही, घरीच असते’ असं सांगू नका. सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते सगळं लिहून घ्यायला लावा.